‘कोर्टातून दाखला आणा’ला उत्तर

घरातला कर्ता माणूस जातो. तेरावा उरकतो, सोयरेधायरे आपापल्या गावी परततात आणि मग एका बाजाराच्या दिवशी त्याची बायको पिशवीत पासबुक घालून बँकेत येते. सोबत थोरला मुलगा असतो, मुलगा लहान असेल तर दीर. ‘साहेब, मालक गेले’ एवढे ती सांगते. पलीकडून विचारले जाते, ‘नॉमिनी कोण?’ पासबुकावरची ती ओळ कोरी असते. मग उत्तर ठरलेले : ‘कोर्टातून वारस दाखला आणा.’

उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या गावांत, म्हणजे करमाळ्याकडच्या केत्तूर, वांगी, ढोकरी, कंदर, कुगाव, चिखलठाणपासून माढ्याकडच्या भीमानगरपर्यंत, हे उत्तर ऐकलेली माणसे शोधावी लागत नाहीत. कोणत्या एका बँकेला दोष देण्यासाठी मी लिहीत नाही. मला उत्तर द्यायचे आहे ते या वाक्याच्या समर्थनाला. हे समर्थन करणारे लोक वाईट नाहीत. त्यांत नोकरीची तीस-पस्तीस वर्षे चोख केलेले निवृत्त बँक अधिकारी आहेत, तालुक्याचे वकील आहेत, कायदेविषयक शिबिरांत तळमळीने बोलणारे कार्यकर्ते आहेत. त्यांचे म्हणणे असे, की चूक खातेदाराची आहे. त्याने नॉमिनी लावला नाही, मृत्युपत्र केले नाही. बँकेने पैसे कोणाच्या भरवशावर द्यायचे? आणि कोर्टाचा दाखला मागितला जातो तो विधवेच्या आणि लेकींच्याच हितासाठी. नाहीतर एखादा भाऊ सगळे पैसे उचलून मोकळा होईल.

या म्हणण्याचा पहिला भाग नियमांना धरून नाही. दुसरा त्याहून घातक आहे, कारण कडकपणाने ज्यांचे रक्षण होते असे सांगितले जाते, त्यांचेच नुकसान त्या कडकपणातून होते.

आधी नियम पाहू. मयत खातेदाराच्या वारसांना होणारा त्रास रिझर्व्ह बँकेला ठाऊक नव्हता असे नाही. एस. एस. तारापोर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने हा प्रश्न मांडला आणि त्यानंतर ९ जून २००५ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना परिपत्रक पाठवले. खात्याला नॉमिनी असेल, किंवा खाते दोघांच्या नावे ‘दोघांपैकी एक अथवा हयात’ अशा अटीवर असेल, तर मृत्यूचा दाखला आणि समोरच्याची ओळख पटवणारा कागद एवढ्यावर पैसे द्यायचे. वारस प्रमाणपत्र, प्रोबेट, जामीनदार यांतले काहीही मागायचे नाही. तसा आग्रह अनावश्यक आहे, त्याने टाळता येण्याजोगा त्रास होतो आणि असे वागणाऱ्या बँकेवर गंभीर नापसंती ओढवेल, अशी तंबी त्या परिपत्रकातच आहे. नॉमिनी नसलेल्या खात्यांसाठीही वाट काढलेली होती. प्रत्येक बँकेने एक रक्कम ठरवायची आणि त्या रकमेपर्यंतचे दावे केवळ हमीपत्रावर, म्हणजे इंडेम्निटी बाँडवर, निकाली काढायचे. कागदपत्रे पूर्ण झाल्यापासून मुदत पंधरा दिवसांची.

वीस वर्षे ही रक्कम बँकेगणिक वेगळी राहिली आणि शाखेत ती किती आहे हे खातेदाराला क्वचितच कळले. ती पळवाट रिझर्व्ह बँकेच्या २६ सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनी बंद केली. आता रक्कम सगळ्यांसाठी ठरलेली आहे. सहकारी बँकेत किमान ५ लाख रुपयांपर्यंत आणि बाकीच्या बँकांत किमान १५ लाखांपर्यंत, नॉमिनी नसला तरी, सोप्या रीतीने दावा मंजूर करायचा. बँकेला वाटले तर तिने ही मर्यादा वाढवावी, कमी करता येणार नाही. त्यासाठी काय लागते? दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, अर्जदाराचे ओळखपत्र, हमीपत्र, जे वारस पैसे मागत नाहीत त्यांचे ना-हरकत पत्र. वारस कोण कोण, याला एकतर सक्षम अधिकाऱ्याचा दाखला, किंवा त्या कुटुंबाला नीट ओळखणाऱ्या, दाव्याशी संबंध नसलेल्या आणि बँकेला मान्य असलेल्या माणसाचे निवेदन. हा ‘किंवा’ फार मोलाचा आहे. गावातले निवृत्त मुख्याध्यापक किंवा पोस्टमास्तर हे निवेदन देऊ शकतात. हे सगळे बँकांनी ३१ मार्च २०२६ पर्यंत अंमलात आणायचे होते.

आता मला सांगा, काठावरच्या गावात किती शेतकऱ्यांच्या बचत खात्यात मरतेवेळी ५ लाखांहून अधिक शिल्लक असते? उसाचे बिल येते आणि सोसायटीचे देणे, खत दुकानदाराची उधारी, पोरांची फी यांत जिरते. मागे राहते ते वीस हजार, साठ हजार, फार तर एखादी मुदत ठेव. म्हणजे या गावांतले जवळजवळ सगळे दावे कोर्टाच्या पायरीपर्यंत जाण्याच्या लायकीचेच नाहीत. तरीही ‘कोर्टातून दाखला आणा’ हे वाक्य बोलले जाते, ते नियमाच्या आधारावर नव्हे, जुन्या सवयीवर.

समर्थक म्हणतील, सवय असली तरी चांगली आहे, कोर्टाने एकदा ठरवले की लेकीचा हक्क पक्का होतो. इथे थांबून, कोर्टाचा दाखला नेमके काय करतो ते पाहायला हवे.

काउंटरवर नुसते ‘वारस दाखला’ म्हणतात आणि बाईला तीन वेगळ्या दारांत पाठवतात. तलाठ्याकडे गेली, तर तो गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद घेतो आणि फेरफार होऊन सातबाऱ्यावर नावे लागतात. पण ती नोंद जमिनीची. बँकेतल्या पैशांसाठी कोर्टात जायचे म्हटले तर दोन रस्ते. एक १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालचा वारस दाखला. हा कायदा एल्फिन्स्टनच्या अमदानीतला आहे आणि महाराष्ट्रात अजून चालतो. दुसरा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचा, ज्याला वकील सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात. येणी आणि ठेवी वसूल करण्यासाठी बँकेला बहुधा हा दुसरा हवा असतो.

या कायद्याचे कलम ३७३ वाचा. न्यायाधीशाने चौकशी करायची ती संक्षिप्त रीतीने. वारसाहक्काचा प्रश्न गुंतागुंतीचा निघाला तर तो सोडवत बसायची गरज नाही. सकृद्दर्शनी ज्याचा हक्क सर्वांत चांगला दिसतो त्याला प्रमाणपत्र देता येते. कलम ३८१ सांगते, की ज्याच्याकडे मयताचे पैसे आहेत त्याने प्रमाणपत्रधारकाला सद्भावनेने पैसे दिले की त्याची जबाबदारी संपली. आणि कलम ३८७ सांगते, की या कामातला निर्णय पुढच्या दाव्याच्या आड येत नाही; खरा मालक कोण याचा वाद नंतर वेगळा लढता येतो.

म्हणजे प्रमाणपत्राने लेकीची मालकी ठरत नाही. पैसे वसूल करायचा अधिकार कोणाला, एवढेच ठरते, आणि पक्के संरक्षण मिळते ते बँकेला. बँकेला संरक्षण हवे असण्यात गैर काही नाही. पण ते लेकींच्या नावावर मागू नये. शिवाय कोर्टातल्या अर्जात वारसांची यादी असते तीही अर्जदारानेच शपथेवर दिलेली. एखाद्या भावाला बहिणीचे नाव गाळायचेच असेल तर तो तिथेही गाळेल. त्यावर उपाय म्हणून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस निघते. पुण्यात भोसरीला राहणारी, सकाळी सहाच्या पाळीला कंपनीत जाणारी कुगावची लेक ती नोटीस वाचेल, असे कोणाला खरेच वाटते का? त्याउलट बँकेच्या सोप्या पद्धतीत ना-हरकत पत्र लागते. ते द्यायचे तर तिच्यापर्यंत कागद पोचवावा लागतो, तिची सही घ्यावी लागते, म्हणजे निदान तिला कळते तरी. लेकीच्या हिताचा विचार केला तरी साधी पद्धत सरस ठरते.

आता या कडकपणाचे गावात काय होते ते पाहा. कोर्टाचे नाव ऐकले की बाई घरी येते. वकिलाची फी, तारखा, करमाळ्याला हेलपाटे. साठ हजारांसाठी हे कोण करणार? तेवढ्यात भाऊकीतला कोणीतरी शहाणा सल्ला देतो, ‘बँकेला कळवलेच कशाला? कार्ड आहे, पिन ठाऊक आहे. काढ रोज थोडे थोडे.’ ज्या घरात अजून बँकेला कळवलेले नाही, तिथे हाच सल्ला आधी पोचतो. आणि मयताच्या खात्यातून एटीएमवर पैसे निघत राहतात.

कार्ड कोणाच्या हातात असते? नवऱ्याच्या हयातीत जिने कधी एटीएमचे बटण दाबले नाही, तिच्या हातात नसते. ते थोरल्या मुलाच्या, नाहीतर दिराच्या खिशात असते. फोनवर पैसे पाठवायचे अॅप असेल तर तो फोनही त्याच्याच हातात. ज्याच्यापासून विधवेचे आणि लेकींचे रक्षण करायचे म्हणून दाखला मागितला, पैसे त्याच्याच हाती जातात. ना अर्ज, ना सही, ना ना-हरकत पत्र. दार जितके अवघड केले तितके लोक मागच्या दाराने गेले. आणि मागच्या दाराला राखण नसते.

हे काढणे बरोबर आहे असे मी म्हणत नाही. खातेदार गेला की कार्ड वापरायची त्याची परवानगीही संपते, आणि त्याने कोणाला मुखत्यारपत्र दिले असेल तर तेही संपते. पैसे त्या क्षणापासून सगळ्या वारसांचे होतात. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगे, मुली आणि मयताची आई यांना सारखा वाटा. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. आई हयात असेल तर तिचाही एक वाटा, आणि ही गोष्ट सासूशी न पटणाऱ्या सुनेनेही लक्षात ठेवायची आहे. मुस्लिम कुटुंबांत वाटण्या त्यांच्या कायद्याने होतात, पण एकट्याने उचलण्याचा हक्क तिथेही कोणाला मिळत नाही. पुढे भावंडांत वाद पेटतो तो बहुधा खात्याचा उतारा हाती आल्यावर. मृत्यूच्या तारखेनंतर दहा-दहा हजार सात वेळा निघालेले दिसतात. तेराव्याचे सामान, दवाखान्याचे बिल अशी खरी कारणेही असतात, पण कागदावर ती दिसत नाहीत. उरते ती शंका. माझे म्हणणे एवढेच, की या घरभांडणाचा आरंभ शोधायचा असेल तर फक्त मुलाच्या खिशात पाहून चालणार नाही. ज्या काउंटरने सरळ वाट बंद केली तिथेही पाहिले पाहिजे.

या काठाला आणखी एक अडचण आहे, ती उसाची. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात होते आणि तोड दीड वर्षाने. माणूस मधेच जातो, ऊस उभा राहतो. नोंद त्याच्या नावाची, सभासदत्व त्याचे, म्हणून बिलही त्याच्या खात्यावर येते. ऊस गाळल्यावर १४ दिवसांत रास्त दर द्यावा, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश म्हणतो. प्रत्यक्षात बिल हप्त्याहप्त्याने येत राहते. कंदरची केळी परदेशी जातात, तिथेही व्यापाऱ्याचे पैसे खात्यावरच. अशा वेळी घरचे लोक बँकेला मृत्यूची खबर देत नाहीत, आणि त्यामागचे कारण लबाडी नसते. त्यांना भीती असते की खाते गोठले तर बिल कुठे जाईल.

याचे उत्तरही २००५ पासून लिहून ठेवलेले आहे. मयताच्या नावाने नंतर पैसे येणार असतील तर वारसांच्या संमतीने ‘मयत अमुक यांची इस्टेट’ अशा नावाचे खाते उघडता येते. त्यात पैसे जमा होतात, दावा मिटेपर्यंत काढता येत नाहीत. किंवा वारसांनी बँकेला सांगायचे, की रक्कम ‘खातेदार मयत’ असा शेरा मारून परत पाठवा. मग कारखान्याकडे वारसांची नोंद करून ती योग्य नावावर घेता येते. मुदत ठेवीचीही अशीच सोय आहे. खातेदार गेल्यावर ठेव मुदतीआधी मोडली तर दंड लावायचा नाही. उसाच्या पट्ट्यातल्या शाखेत ‘इस्टेट’ खात्याचा फलक दारावर असायला हवा. तो मला कुठे दिसलेला नाही.

समर्थकांच्या म्हणण्यातला खरा भाग मला नाकारायचा नाही. फसवणूक होते. पहिल्या बायकोची मुले लपवली जातात, माहेरी परतलेल्या सुनेला वगळले जाते, बहिणीच्या नावाने दुसरीच बाई अंगठा देऊन जाते. बँकेचा अधिकारी बदलीवर आलेला, परगावचा. त्याला भाऊकी कुठून ठाऊक असणार? चुकीच्या माणसाला पैसे गेले तर चौकशी त्याच्या मागे लागते. ही भीती खरी आहे. पण कायद्याने तिचा विचार केलेला आहे. नॉमिनीला पैसे दिले तर बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५-झेडए प्रमाणे बँक मोकळी होते. नॉमिनी नसेल तर हमीपत्र असते, म्हणजे उद्या दुसरा वारस उभा राहिला तर पैसे घेणाऱ्याने भरपाई द्यायची. वारसांत भांडण असेल, कोणी लेखी हरकत घेतली असेल, मृत्युपत्र वादात असेल, तर बँकेने जरूर कोर्टाकडे बोट दाखवावे. त्या अपवादासाठी कोर्ट आहे. अपवादाचे औषध प्रत्येक घराला पाजू नये, एवढेच मागणे आहे.

नॉमिनीबद्दलचा गैरसमज मात्र बँकेइतकाच गावाचाही आहे, आणि तो विधवांना महागात पडतो. तरुणपणी खाते उघडताना मुलगा वडिलांचे किंवा भावाचे नाव लावतो. पुढे लग्न होते, मुले होतात, ते नाव तसेच राहते. भविष्य निर्वाह निधीत लग्न झाल्यावर आधीचे नामनिर्देशन आपोआप रद्द होते. बँकेच्या खात्याला असा नियम नाही. माणूस गेला की दीर किंवा सासरा नॉमिनी म्हणून पैसे उचलतो आणि सांगतो, ‘कायद्याने माझे आहेत.’ ते त्याचे नसतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली रामचंदर तलवार प्रकरणात बँकेच्या ठेवीबद्दल हे स्पष्ट केले : नॉमिनी पैसे घेतो, मालक होत नाही; पैसे वारसांचेच राहतात. १४ डिसेंबर २०२३ रोजी ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेच्या वादात तेच तत्त्व शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सांगितले गेले. मराठी घरोघरी भिंतीवर ज्यांची दिनदर्शिका लटकते त्यांच्या घरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातून हे निघाले, तरी पैसे देताना नॉमिनीला ‘हे तुम्ही वारसांच्या वतीने घेत आहात’ असे एक वाक्य क्वचितच कोणी सांगते. ते सांगायला कोर्ट लागत नाही. सासरा तर मुलाच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत येतही नाही. बायको, मुले आणि आई असताना त्याला त्या पैशांत वाटा नाही.

१ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहून. ही सोय चांगली आहे आणि लोकांनी ती घ्यावी. पण तिचा दाखला देऊन ‘आता तरी लोकांनी सुधारावे’ असे बोलणे सुरू झाले आहे, ते मला मान्य नाही. जनधनची खाती २०१४ नंतर मोहीम काढून उघडली गेली. शाळेच्या वर्गात रांगा लागल्या, फॉर्म दुसऱ्यानेच भरले, अंगठे उमटले. नॉमिनीचा रकाना कोरा राहिला तर तो कोणी कोरा ठेवला? अंगठा देणाऱ्याने?

आणि लोकांनी तयारी ठेवायला हवी होती हे म्हणताना, मरण कसे येते याचाही विचार व्हावा. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. त्या घरांच्या पैशाअडक्याविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही आणि मी बोलत नाही. सांगायचे एवढेच, की पलीकडचा तालुका पाण्यातून जवळ आणि रस्त्याने दूर असलेल्या या मुलखात माणसे रोजच्या कामाला निघतात ती मृत्युपत्र करून निघत नाहीत. तिशी-पस्तिशीच्या माणसाला तशी अपेक्षा कोणीच करत नाही, पुण्या-मुंबईतही नाही. बँकेची पद्धत अशी हवी, की तयारी न करता गेलेल्या माणसाचे घरही तिच्यातून पार पडेल.

तयारी न करण्याचा आरोप या गावांवर करणे मला आणखी एका कारणाने झोंबते. उजनी धरण १९८० च्या सुमारास पुरे झाले आणि भीमेकाठची गावेच्या गावे उठली. वांगीची वांगी नं. १, नं. २, नं. ३ झाली, केत्तूरची दोन झाली. एकाच घरातल्या दोन भावांचे पत्ते वेगळे झाले. जुन्या पासबुकावर नुसते ‘वांगी’, आधारवर नंबरासकट, रेशनकार्डावर तिसरेच. नावांचेही तसेच : शाळेच्या दाखल्यावर एक, बँकेत दुसरे, मृत्यूच्या दाखल्यावर घरात हाक मारायचे तिसरे. हे कागद सारखे नाहीत म्हणून अर्ज परत येतो तेव्हा त्या माणसाची हलगर्जी दाखवली जाते. त्याचे गाव सरकारने हलवले, पत्ता सरकारने बदलला. त्या गोंधळाचे ओझे त्याच्या विधवेने प्रतिज्ञापत्रे करून का वाहावे? एकच माणूस असल्याचे निवेदन ग्रामपंचायतीने द्यावे आणि बँकेने ते घ्यावे, यात अवघड काय आहे?

दारापर्यंत जाता येते, हे सरकारने दाखवले आहे. २०२५ साली महसूल खात्याने जिवंत सातबारा मोहीम राज्यभर घेतली. मयत खातेदारांची नावे उताऱ्यावर वर्षानुवर्षे तशीच होती, ती काढून वारसांची नावे लावायची म्हणून तलाठी गावोगावी बसले. जमीन ही तर बँकेतल्या साठ हजारांहून कितीतरी वादाची गोष्ट. भाऊबंदकीचे खून जमिनीवरून होतात. तिची वारस नोंद गावात, चावडीवर, स्थानिक चौकशीने होऊ शकते, आणि बचत खात्यातली किरकोळ शिल्लक मात्र दिवाणी न्यायालयाशिवाय सुटत नाही, याचे कारण मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

कर्मचारी कमी आहेत, एका शाखेवर दहा-पंधरा गावे आहेत, दुपारी लिंक जाते, हेही मला सांगितले जाते. खरे आहे. पण कर्ज थकले की माणूस दारात येतो. बँक मित्र आधार जोडायला वाडीवस्तीवर जातो. मग मयताच्या घरी दाव्याचा अर्ज घेऊन त्याने का जाऊ नये? तेराव्याच्या दिवशी सगळे वारस एका छपराखाली असतात. इंदापूरला दिलेली लेक, भोसरीची लेक, मुंबईचा मुलगा, सगळे. ना-हरकतीच्या सह्या त्या दिवशी अर्ध्या तासात होतील. तो दिवस हुकला की त्याच सह्यांसाठी दोन महिने जातात, कारण लेकीला रजा मिळत नाही, जावयाला वेळ नसतो, आणि मधल्या काळात कोणीतरी तिच्या कानात ‘भाऊ तुला फसवतोय’ असे सांगितलेले असते. दुःखात पैशाचे बोलू नये हा संकोच मी समजतो. पण मुलखाचा रिवाज माहीत असलेल्या बँकेने तो रिवाजच उपयोगात आणावा.

लवकर जाण्याचे दुसरे कारण विम्याचे आहे, आणि ते कदाचित शिलकीहून मोठे आहे. पासबुकात मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये आणि २० रुपये वजा झालेले दिसतात. घरच्यांना वाटते बँकेचा काही खर्च असेल. ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, मृत्यू कशानेही झाला तरी २ लाख. २० म्हणजे सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. शेतकरी अपघाताने गेला असेल, बुडून, वीज पडून, साप चावून, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचे वेगळे २ लाख, आणि त्याचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत द्यायचा. ‘आधी कोर्टातून दाखला आणा’ म्हणून जिला परत पाठवले, ती बाई या नोंदी कोणाला दाखवायला पुन्हा येतच नाही. साठ हजारांच्या रक्षणासाठी दोन-चार लाखांवर पाणी सोडायला लावणारी ही पद्धत आहे. पासबुक समोर आले की त्या दोन नोंदी पाहून तिला सांगणे, हे काम एका मिनिटाचे आहे.

दावा न झालेल्या पैशांचे पुढे काय होते तेही सांगतो. दहा वर्षे खात्यावर हालचाल नसली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जमा होते. मार्च २०२४ अखेर त्या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. तो पैसा बुडत नाही, वारसाला नंतरही मागता येतो. पण साठ हजार न मिळालेली बाई दहा वर्षांनी ते मागायला येईल, ही अपेक्षा कोणी करू नये. त्या आकड्यात कोणाचा किती वाटा हे सांगता येत नाही, तरी ‘कोर्टातून दाखला आणा’ ऐकून घरी गेलेल्यांचा वाटा त्यात आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

म्हणून काठावरच्या गावांतल्या लोकांना, आणि त्यांना सल्ला देणाऱ्या वकील-कार्यकर्त्यांना, माझे सांगणे आहे : तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. अर्ज लेखी द्या. बँक नाही म्हणत असेल तर कोणत्या नियमाने, ते तिच्याकडून लेखी मागा. नव्या निर्देशांत विलंबाला दंड आहे. पंधरा दिवस उलटून गेले आणि चूक बँकेची असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’हून ४ टक्के जास्त व्याज बँकेने स्वतः द्यायचे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रारीचा मार्ग आहे, बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवस झाल्यावर. पण या सगळ्या दिवसांची मोजणी सुरू होते ती कागदपत्रे बँकेच्या हाती पोचल्याच्या तारखेपासून, आणि ती तारीख सिद्ध करणारा कागद बाईच्या हातात कोणी देत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही मिळाल्याशिवाय काउंटर सोडायचे नाही. देत नसतील तर तोच अर्ज त्याच दिवशी पोस्टात जाऊन रजिस्टर पोस्टाने पाठवायचा आणि पावती पासबुकात ठेवायची.